बुद्धी कपाळावर लिहिलेली नसते



मूल जन्माला आले की पाचव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, अशी समजूत महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. त्या रात्री पूजेच्या पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडली जाते. ज्या घरात लिहिता येणारे एकही माणूस नव्हते, त्या घरातही ही लेखणी देवीसाठी मांडली जाई. त्या घरातल्या मुलाच्या हाती मात्र ती कधी आली नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी परमपूज्य बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपूर येथे आपल्याला बुद्धाच्या धम्माची दीक्षा दिली. आपण देव्हाऱ्यातले टाक बाहेर काढले. सटवाईची पूजा सोडली. परंतु तिचे लिखाण आपल्या बोलण्यातून गेले काय? "या पोराच्या कपाळात विद्याच नाही." "थोरला उपजतच हुशार, धाकटीत काही दम नाही." "त्याला देवाची देणगी आहे." ही वाक्ये बौद्ध म्हणविणाऱ्या घरांतूनही नित्य ऐकू येतात. पाट गेला, पूजा गेली, पण कपाळ अजून तेथेच आहे! म्हणून बुद्धिमत्ता म्हणजे काय, ती कोणाला मिळते, कोठून मिळते आणि कशासाठी असते, याचा धम्माच्या उजेडात विचार करणे अगत्याचे झाले आहे. हा विचार केवळ पंडितांचा नाही. कोणाचे शिक्षण चालू राहील आणि कोणाचा दाखला शाळेतून काढला जाईल, याचा निर्णय घराघरांत याच समजुतीवर होत असतो.

'देणगी' हा शब्दच पाहा. देणगी म्हटली की देणारा आला. बुद्धीचे देणारे म्हणून आपल्या देशात आजवर तिघांची नावे सांगितली गेली. पहिला देव. दुसरे पूर्वजन्मीचे पुण्य. तिसरी जात. हे तिघे वेगळे दिसत असले, तरी एकाच घरचे आहेत. देवाने जात नेमली, पूर्वजन्मीच्या कर्माने माणूस त्या जातीत आला आणि त्या जातीच्या रक्तात बुद्धी आली किंवा आली नाही, अशी ही साखळी आहे. ज्याला शाळेचा उंबरठा ओलांडू दिला नाही, त्यालाच पुढे "तुझ्यात बुद्धी नाही" असे सांगता यावे, यासाठी ही सोय होती. पाय बांधायचे आणि मग पळता येत नाही म्हणून हसायचे, असा हा न्याय!

या साखळीला बाबासाहेबांचे जीवन हेच सर्वांत मोठे उत्तर आहे. पण ते जीवनही आपण नीट वाचत नाही. आपण म्हणतो, "बाबासाहेब म्हणजे अलौकिक बुद्धी, आपल्याला ते कसे जमणार?" असे म्हणून आपण भक्ती करतो आणि जबाबदारीतून सुटतो. वस्तुस्थिती काय आहे? १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. म्हणजे शेकडा अडतीससुद्धा नाहीत. ज्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागले, ज्याला शिपाई नसला तर पाणी मिळत नसे, ज्याला संस्कृत शिकू दिले नाही म्हणून फारशी घ्यावी लागली, त्याची बुद्धी त्या दिवशीच्या गुणपत्रिकेत कशी उतरावी? त्याच गुणपत्रिकेवरून कोणी निकाल दिला असता, तर कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स गाजविणारा हा विद्वान हिंदुस्थानला मिळाला नसता.

मग ती बुद्धी फुलविणारे कोण होते? परळच्या चाळीतल्या एका खोलीत स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागून मुलाला अभ्यासाला उठविणारे आणि मग त्याच जागी अंग टाकणारे रामजी सुभेदार होते. मुलाला पुस्तक हवे म्हणून मुलीचा दागिना गहाण टाकणारा तो बाप होता. मॅट्रिकच्या सत्कारात स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र हाती देणारे आणि पुढे बडोद्याच्या महाराजांकडे शब्द टाकणारे केळुसकर गुरुजी होते. दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती आणि पुढे १९१३ साली अमेरिकेला पाठविणारे सयाजीराव महाराज होते. आणि आणखी एक नाव आपण विसरतो. घरच्या गरिबीत दोन मुलांचे शिक्षण झेपेना, म्हणून थोरले बंधू आनंदराव यांना शाळा सोडून नोकरी धरावी लागली. एका भावाची पाटी फुटली तेव्हा दुसऱ्याच्या हाती पुस्तक राहिले. बाबासाहेबांचे अहोरात्र कष्ट आणि त्यांची विलक्षण कुशाग्रता तर होतीच. पण तिच्याभोवती इतकी माणसे उभी होती. देणगीच म्हणायची, तर ती या माणसांची देणगी होती.

काही शिकलेले लोक म्हणतील, "देव आणि पूर्वजन्म आम्हीही मानीत नाही. पण विज्ञानाने बुद्धीचे मोजमाप केले आहे, त्याचे काय?" त्याचाही इतिहास पाहू. १९०५ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी सिमॉन यांनी मुलांच्या बुद्धीची पहिली व्यवस्थित चाचणी तयार केली. हेतू हा होता की, शाळेत मागे पडणारी मुले ओळखावीत आणि त्यांना वेगळी मदत द्यावी. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, कधी न वाढणारी वस्तू आहे, या मताला बिने यांचा विरोध होता. परंतु हीच चाचणी अमेरिकेत गेली आणि मदतीचे साधन निवडीचे साधन बनले. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे लुईस टर्मन यांनी १९१६ मध्ये तिची नवी आवृत्ती काढली. पुढे १९२१ पासून त्यांनी वरच्या बुद्ध्यंकाची सुमारे दीड हजार मुले निवडून त्यांच्या आयुष्याचा मागोवा घेतला. त्यांतली बरीच मुले शिकली, चांगल्या पदांना पोहोचली. पण नोबेल पारितोषिक त्यांच्यापैकी कोणालाही मिळाले नाही. उलट ज्यांना चाचणी घेऊन वगळले होते, त्यांतले दोघे, शॉकली आणि अल्वारेझ, यांना पुढे पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. एकाला १९५६ मध्ये आणि दुसऱ्याला १९६८ मध्ये. आणि दैवदुर्विलास म्हणावा तो हा की, चाचणीने नापास केलेल्या याच शॉकली यांनी पुढे काळ्या लोकांची बुद्धी वंशानेच कमी असते, असा प्रचार चालविला! माणसाला नोबेल मिळाले तरी प्रज्ञा मिळतेच असे नाही, हे यावरून ध्यानात यावे.

तेव्हा चाचणी ही फूटपट्टी आहे. फूटपट्टीने कापड मोजता येते, कापडाची ऊब मोजता येत नाही.

आता कोणी विचारील, "मग सर्व मुले सारखीच असतात काय?" नाही. धम्म असे खोटे सांत्वन देत नाही. एकाच घरातली दोन मुले सारखी नसतात, हे कोणतीही आई सांगेल. समता म्हणजे सर्वांची क्षमता एकसारखी असणे नव्हे. समता म्हणजे ज्याची जी क्षमता असेल ती फुलविण्याचा त्याचा अधिकार मान्य करणे. तथागतांनी आपल्या संघात हेच केले. अंगुत्तर निकायात एक फार सुंदर यादी आहे. कोणता शिष्य कशात अग्र, हे भगवंतांनी तेथे एकेकाचे नाव घेऊन सांगितले आहे. प्रज्ञेत सारिपुत्त अग्र, ऐकलेले स्मरणात ठेवण्यात आनंद अग्र, विनयाच्या ज्ञानात उपाली अग्र. हा उपाली शाक्यांचा न्हावी होता. भिक्षुणींमध्ये प्रज्ञेत खेमा अग्र, धम्म समजावून देण्यात धम्मदिन्ना अग्र. एकच पहिला नंबर आणि बाकीचे सारे त्याच्या मागे, अशी ती यादी नाही. जितकी माणसे तितके पहिले नंबर!

या यादीत उपासिकांमध्ये एक नाव येते, ते प्रत्येक बौद्ध मातेने पाठ करावे असे आहे. ते नाव खुज्जुत्तरा. कोसंबीच्या राजवाड्यात राणी सामावतीची ती दासी. अंगाने कुबडी. राणीसाठी रोज फुले आणणे हे तिचे काम. एके दिवशी फुले आणायला गेली असता तिने भगवंतांचे प्रवचन ऐकले. परत येऊन तिने ते राणीला आणि वाड्यातल्या स्त्रियांना जसेच्या तसे सांगितले. राणीने दासीला उच्चासनावर बसविले आणि स्वतः खाली बसून ऐकले. पुढे हाच परिपाठ झाला. 'इतिवुत्तक' या ग्रंथातील वचने तिच्याच स्मरणातून आपल्यापर्यंत आली, अशी परंपरा आहे. बहुश्रुत उपासिकांत ती अग्र ठरली. विचार करा, ती प्रौढ बाई होती. आयुष्यभर फुले वाहत होती. ती बुद्धी त्या दिवशी आकाशातून पडली काय? ती तेथेच होती. ऐकण्यासारखे काही तिच्या कानावर पडलेच नव्हते आणि तिचे ऐकणारे कोणी भेटलेच नव्हते.

याच्या जोडीला चुल्लपंथकाची कथा ठेवा. महापंथक आणि चुल्लपंथक हे दोघे भाऊ. थोरला तीक्ष्ण बुद्धीचा. तो संघात आला, अर्हत झाला. त्याने धाकट्यालाही संघात आणले. पण धाकट्याला चार महिन्यांत एक गाथा पाठ होईना. पुढची ओळ घोकावी तो मागची निसटावी. शेवटी थोरल्या भावाने सांगितले, "तुझ्याने हे होणे नाही. विहार सोडून जा." जीवकाच्या आम्रवनातील विहारातून तो रडत निघाला, तेव्हा दाराशी स्वतः तथागत उभे होते. त्यांनी त्याला गाथा विचारली नाही. त्याच्या हाती एक स्वच्छ पांढरे वस्त्र दिले आणि ते हाताने चोळीत मळ दूर होण्याचा एकच शब्द मनाशी म्हणत बसायला सांगितले. हाताच्या घामाने वस्त्र मळत गेले. ते पाहता पाहता चुल्लपंथकाला अनित्यता कळली. वस्त्राचा मळ पाहून मनाचा मळ कळला. ज्याला गाथा आली नाही, त्याला गाथेचा अर्थ आला.

नंतरच्या अट्ठकथेत या मंदपणाचे कारण असे दिले आहे की, पूर्वीच्या एका जन्मी त्याने एका मंदबुद्धी भिक्षूची टर उडविली होती. असले कारण आपण स्वीकारू नये. पूर्वजन्मीच्या कर्माने या जन्मीची स्थिती ठरते, ही शिकवण बुद्धाची नव्हे, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट केले आहे. जे बुद्धीला पटत नाही आणि माणसाच्या कल्याणाचे नाही, ते बुद्धवचन मानण्याचे कारण नाही. कथेचा खरा गाभा वेगळा आहे. थोरल्या भावाजवळ एकच फूटपट्टी होती, पाठांतराची. तथागतांनी फूटपट्टी बदलली. मूल तेच, शिक्षक बदलला.

आम्ही व्यवसायाने शिक्षक आहोत, म्हणून वर्गात दिसणारे एक उदाहरण सांगतो. सहावीतल्या एका मुलीचा दाखला काढायला तिचे वडील आले. शिक्षण हक्काचा २००९ चा कायदा चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला शाळेत ठेवा म्हणतो, हे त्यांना सांगितले. ते म्हणाले, "गुरुजी, मोठा हुशार आहे, त्याला शिकवतो. हिला वजाबाकीसुद्धा येत नाही. कशाला बसवायची?" मुलीच्या वहीत हातच्याची वजाबाकी खरोखरच चुकलेली होती. पण ही मुलगी आठवडे बाजारात आईबरोबर भाजी विकायला बसते, हे आम्हाला ठाऊक होते. तिला तेथेच विचारले, "पावशेर मिरची बावीस रुपये, अर्धा किलो वांगी पस्तीस, कोथिंबिरीची जुडी दहा. गिऱ्हाइकाने शंभराची नोट दिली. परत किती?" तिने वर न पाहता सांगितले, "तेहतीस." वडील गप्प राहिले. दाखला त्या दिवशी निघाला नाही. ती पुढे मोठी गणिती होईल, असा आमचा दावा नाही. एवढेच की, तिला वजाबाकी येत होती. वहीतली वजाबाकी तिची भाषा बोलत नव्हती.

तेव्हा बुद्धिमान मूल ओळखावे कसे? पहिला नंबर ही एकच खूण धरू नका. जे मूल 'का' विचारून भंडावून सोडते, त्याकडे पाहा. ज्याला एका विषयात गती असते आणि दुसऱ्यात तो अडतो, त्याला नुसता आळशी म्हणू नका. अक्षरे उलटसुलट दिसणारे मूल चित्रात किंवा यंत्रात तरबेज असू शकते. जे मूल शिकविलेले चटकन् समजून मग खोड्या करीत बसते, ते मस्तीखोर नसून कंटाळलेले असू शकते. त्याला छडी नको, पुढचे गणित हवे. जे मूल दुसऱ्यावर झालेल्या अन्यायाने रडते, त्याला हळवे म्हणून हिणवू नका. ती अंतःकरणाची बुद्धी आहे. "न्हाय", "व्हतं" असे बोलणारे मूल पुस्तकी भाषेच्या धाकाने वर्गात मुके होते. त्या मुकेपणाला मंदपणा समजू नका. आणि मुली? हुशारी दाखविली तर टोमणे मिळतात, हे ध्यानात आलेली मुलगी ती लपवायला शिकते. शोधल्याशिवाय ती सापडणार नाही.

जे मूल खरोखर कुशाग्र आहे, त्याचेही हाल होतात, हे विसरू नका. पाहुणा आला की त्याला उभे करून पाढे म्हणायला लावायचे, साऱ्या वस्तीची आशा त्याच्या खांद्यावर टाकायची आणि एकदा गुण कमी पडले की "नाव घालवलेस" म्हणायचे, हा जुलूम आहे. मुलाची बुद्धी हा घराण्याचा दागिना नव्हे. त्याला चुकण्याचा, खेळण्याचा आणि आपल्या वयाचे असण्याचा अधिकार आहे.

आता मोठ्या माणसांकडे वळू. "आमचे वय गेले," असे म्हणणाऱ्यांनी आपलीच माणसे आठवावीत. लोककवी वामनदादा कर्डक, जन्म १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे. तरुणपणी मुंबईत येईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. कोणी पत्र वाचायला दिले तेव्हा ते वाचता येईना, याची खंत लागून ते अक्षरे शिकले. पुढे बाबासाहेबांचा विचार त्यांनी हजारो गीतांतून घरोघरी पोहोचविला. अण्णा भाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस बसले. १९५९ साली त्यांची 'फकिरा' आली आणि ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. फलटणच्या बेबीताई कांबळे दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून वही लपवून वर्षानुवर्षे लिहीत राहिल्या. त्यांचे 'जिणं आमुचं' १९८६ मध्ये ग्रंथरूपाने आले. वही लपवावी लागली, ही गोष्ट नीट ध्यानात घ्या. ती वही आजही कितीतरी घरांत पिठाच्या डब्यामागे असेल. तुमच्या घरात आहे काय, हे पाहा.

पण बंधूंनो, बुद्धी फुलली म्हणजे सर्व झाले, असे धम्म म्हणत नाही. अंगुलिमालाचे मूळचे नाव अहिंसक. तक्षशिलेला तो आपल्या गुरूचा सर्वांत हुशार शिष्य होता, असे परंपरा सांगते. सहाध्यायांच्या मत्सराने गुरूचे मन कलुषित झाले. गुरूने दक्षिणा म्हणून हजार बोटे मागितली आणि या हुशार शिष्याने आज्ञा पाळली. त्याने सर्व काही शिकले होते, पण आज्ञेला 'का' म्हणणे शिकले नव्हते. विद्या ही तलवारीसारखी असते, ती शीलवानाच्या हाती रक्षण करते आणि शीलहीनाच्या हाती घात करते, असा इशारा बाबासाहेबांनी दिला आहे. म्हणून प्रज्ञेबरोबर शील आणि करुणा हवीच.

१८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांनी समाजाकडे पाठ फिरविल्याचे दुःख बोलून दाखविले होते. ते दुःख आजही शिळे झालेले नाही. आपल्यातला हुशार मुलगा मोठा अधिकारी होतो, शहरात घर बांधतो आणि वस्तीत यायला लाजतो. "मी माझ्या बुद्धीने वर आलो," असे तो म्हणतो. त्याच्यासाठी कोणत्या आनंदरावाची शाळा सुटली, कोणत्या बहिणीचा दाखला निघाला, हे त्याला कोणी विचारावे. देणगी मानली की माणूस फुगतो. ऋण मानले की वाकतो. बौद्धाने बुद्धी हे ऋण मानावे.

तेव्हा करावे काय? उपदेश पुष्कळ झाला, कामाचे सांगतो. येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर अर्धा तास मुलांना द्या. प्रत्येक मुलाने आपल्याला जे येते ते करून दाखवावे. कोणी गणित सांगेल, कोणी सायकलची साखळी बसवील, कोणी गाणे म्हणेल, कोणी आजीला औषधाच्या गोळ्या वेळेवर कशा देतो ते सांगेल. नंबर काढू नका, बक्षीस देऊ नका. फक्त पाहा आणि नावानिशी लिहून ठेवा. तसेच मोठ्यांनीही आपल्याला येणारी एक गोष्ट मुलांना शिकवावी. गवंड्याने ओळंबा आणि काटकोन शिकवावा, शिवणाऱ्या ताईने माप शिकवावे. जो शिकला आहे त्याने एका मुलाची, आपल्या नात्याबाहेरच्या मुलाची, फी आणि वेळ या दोन्हींची जबाबदारी घ्यावी. आणि कोणाही मुलाचा, विशेषतः मुलीचा, दाखला काढण्यापूर्वी त्या घराने विहारात येऊन चार माणसांना कारण सांगावे, असा नियम प्रत्येक वस्तीने करावा.

पाचव्या रात्रीच्या पाटावरचा तो कागद कोराच होता. रात्रभर ठेवला तरी त्यावर कोणी काही लिहिले नाही, सकाळीही तो कोराच राहिला. आता ती लेखणी उचला आणि घरातल्या प्रत्येक मुलाच्या हाती द्या. हुशाराच्या आणि मंदाच्या, मुलाच्या आणि मुलीच्या. ती आजीलाही द्या. काय लिहायचे ते त्यांचे ते ठरवतील.

सर्वांचे मंगल होवो. जय भीम.